शंभरपर्यंत पाठ आहे, पण तीन चिंचोके मागितले तर?

पालकांच्या ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो: छोट्या शिशूत जाण्याआधी मुलाला १ ते १०० पाठ हवेत, लिहिताही यायला हवेत, बोटांवर मोजू देऊ नये आणि आकडे इंग्रजीतच शिकवावेत. यातली एकही गोष्ट तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला गणिताजवळ नेत नाही.

आधी पाठांतर. वाडग्यात दहा चिंचोके घ्या आणि म्हणा, "मला तीन दे." (तीन वर्षांखालच्या मुलाला चिंचोके देऊ नका, घशात अडकतात, लिंबं किंवा बटाटे घ्या.) वीसपर्यंत घडाघडा म्हणणारं मूलही पुष्कळदा मूठभर उचलून देतं. आकड्यांची ओळ त्याला पाठ असते, तीन म्हणजे किती हे अजून कळलेलं नसतं. एक, मग दोन, मग तीन, असा अर्थ सुटा सुटा कळत जातो आणि त्याला महिनेच्या महिने लागतात. मोजून झाल्यावर "किती झाले?" विचारलं की मूल पुन्हा एकपासून सुरू करतं, तेही यामुळेच. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे एकूण, हे बहुतेकांना साडेतीन-चारच्या आसपास उमगतं. म्हणून मोजून दाखवताना शेवटी सगळ्यांवरून हात फिरवून सांगा: "एक, दोन, तीन. तीन लिंबं." रोज पाच मिनिटं पुरे. तीन न चुकता देऊ लागलं की चारकडे वळा. मोजलेली वस्तू बाजूला सरकवायला लावा. नुसतं बोट दाखवलं की तोंड आणि बोट यांचा मेळ सुटतो आणि एखादी वस्तू दोनदा मोजली जाते.

लिहिण्याची घाई नकोच. या वयात पेन्सिलीवर ताबा नसतो, ३ आणि ६ उलटसुलट होतात, आणि त्यावरून रागावलं तर मूल आकड्यांनाच घाबरतं.

बोटं तर खुशाल वापरू द्या. पाच आणि दहाचे गट शरीरावरच आहेत. संख्या मनात पक्की झाली की बोटं आपोआप सुटतात.

इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्यांचं एक म्हणणं खरं आहे: मराठी संख्यानामं पुढे अवघड होतात. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र दोन आधी येतो. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतात. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आणली आणि त्यावर मोठा वाद झाला. पण दहापर्यंत ही अडचण येतच नाही, आणि शिशुवर्गाआधी दहा भरपूर झाले. ते घरच्या भाषेत होऊ द्या. दोन्ही लिप्यांतले आकडे एकदम दाखवलेत तर आपला १ इंग्रजी नऊसारखा आणि ४ इंग्रजी आठसारखा दिसून गोंधळ होतो.

पाठांतराऐवजी एक सरळ पट्टी आखा: दहा घरं, डावीकडून १ ते १०. १ आणि २ लिहिलेल्या चिठ्ठ्या उचलून सोंगटी पुढे न्यायची. सोंगटी ४ वर असताना २ आली तर "एक, दोन" नव्हे, "पाच, सहा" म्हणायचं. खेळाचा फायदा या एका नियमातच आहे. अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमणी यांनी २००८ मध्ये असाच खेळ शिशुवयातल्या मुलांना खेळायला दिला, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांच्या चारच बैठकींत त्यांची संख्यांची जाण सुधारली. आकड्यांऐवजी नुसत्या रंगांची पट्टी मिळालेल्या मुलांची सुधारली नाही. सापशिडीचा पट मात्र आत्ता नको: तिथे प्रत्येक ओळीला दिशा उलटते आणि मोठा आकडा कधी उजवीकडे, कधी डावीकडे जातो.