‘तुम्ही शुगरची गोळी बंद करायला सांगताय’ : एका प्रतिक्रियेला जरा लांबलचक उत्तर

दादा, तुमची कमेंट डिलीट केली नाहीये आणि करणारही नाही, राग आहे पण त्यात मुद्दे आहेत. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की ग्लिमेपिराइड (शुगर कमी करणारं एक औषध) असलेली गोळी घेऊन कडक उपवास करू नका, उपवासाच्या दिवशी त्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. त्यावर दादांचं म्हणणं असं, की मी साधा फार्मासिस्ट, डॉक्टर नाही, लोकांना गोळ्या बंद करायला शिकवतोय, त्यांच्या आईला डॉक्टरांनी ‘शुगरची गोळी एक दिवसही चुकवायची नाही’ असं बजावलंय, आणि मेटफॉर्मिनने (शुगरचंच दुसरं औषध) किडनी जाते हे सगळ्या जगाला माहिती असताना त्यावर मात्र मी गप्प, कारण मला दुकान चालवायचंय.

दुकानाचं आधी उरकून टाकतो. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही सरकारने किंमत बांधून दिलेल्या यादीतली औषधं आहेत, त्यावर कोणी बंगला बांधत नाही. आणि डॉक्टर नाहीच मी, म्हणून तर पोस्टमध्ये ‘डॉक्टरांना विचारा’ असं लिहिलं, ‘बंद करा’ असं नाही. परत वाचा हवं तर.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या आईंच्या डॉक्टरांनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर आहे, पण ते ज्या बाईला सांगितलं ती रोज सकाळी नाश्ता करते आणि दुपारी जेवते असं धरून सांगितलंय. आई एकादशीला पाणीसुद्धा न घेता राहतात आणि संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत काही खात नाहीत, हे डॉक्टरांना कोणी सांगितलं का? आपल्याकडे हे सांगतच नाहीत लोक, ओरडतील म्हणून. कार्डावर बीपी, शुगर, वजन सगळं असतं पण महिन्यातले उपवास कुठे लिहिलेले नसतात, आणि ते माहीत नसेल तर ‘चुकवायची नाही’ हेच सांगणार ना कुठलाही डॉक्टर.

‘शुगरची गोळी’ असं एकच काहीतरी नसतं हे मला सांगायचं होतं. मेटफॉर्मिन लिव्हरमधून रक्तात येणारी साखर कमी करतं आणि असलेलं इन्सुलिन अंगाला नीट लागू पडेल असं बघतं, एकटं मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग पोटात भाकरी असो वा नसो, आणि त्याचा असर जवळजवळ दिवसभर राहतो. म्हणून ते नाश्त्याबरोबर किंवा दिवसाच्या पहिल्या मोठ्या जेवणाबरोबर घ्यायचं असतं. पहिलं जेवणच रात्री नऊला असेल तर सकाळी सातला घेतलेली ती गोळी दिवसभर काय करणार ते तुम्हीच सांगा. रमजानच्या रोज्यांसाठी डॉक्टर लोकांच्या रीतसर गाइडलाइन्स आहेत, त्यात दिवसातून एकदाच असलेली ग्लिमेपिराइड बहुतेक वेळा इफ्तारवर, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडतानाच्या खाण्यावर, नेतात आणि गरज वाटली तर डोस कमी करतात. एकादशीलाही शरीर तेच असतं. फक्त आपल्याकडे कोणी विचारायला जात नाही.

आणि गंमत अशी की बऱ्याच जणांकडे ही दोन्ही औषधं एकाच गोळीत असतात. ग्लायकोमेट म्हणजे नुसतं मेटफॉर्मिन, ग्लायकोमेट जीपी म्हटलं की आत ग्लिमेपिराइड आलं. अमॅरिल म्हणजे ग्लिमेपिराइड, अमॅरिल एम म्हणजे त्यात मेटफॉर्मिन पण. पेशंट तोंडाने सांगताना ती दोन अक्षरं खाऊन टाकतो. त्यात दहाच्या स्ट्रिपमधल्या चारच गोळ्या कापून घेतल्या की नावाचा अर्धा भाग एका तुकड्यावर, तारीख दुसऱ्यावर, आणि आत काय आहे ते छापलेला भाग आमच्याच ड्रॉवरमध्ये. पूर्ण स्ट्रिप घ्या हो, कापलेली घेऊ नका, आणि मागची बारीक अक्षरं मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाचा. यातच आणखी एक प्रकार नेहमी दिसतो, गावातल्या डॉक्टरांनी एका कंपनीची दिलेली, मुलगा पुण्याला घेऊन गेला तर तिथल्यांनी दुसऱ्या कंपनीची दिली, जुनी बंद करायची हे कोणी बोललंच नाही, आजी दोन्ही घेतायत, रंग वेगळे, नावं वेगळी, औषध एकच. तुमच्या आईंचा डबा एकदा ओता टेबलावर आणि बघा.

शुगर 70 च्या खाली गेली की काय होतं ते मी मागच्या वेळी पुरेसं लिहिलं नव्हतं असं तुम्ही म्हणालात, तर घ्या. दरदरून घाम, हात थरथरणं, छाती धडधडणं, एकदम भूक, मग चिडचिड, असंबद्ध बोलणं. वयस्कर माणसात कधीकधी नुसतंच गुंगल्यासारखं दिसतं. घरचे म्हणतात उपवासाने पित्त झालं, झोपू द्या जरा. झोपू देऊ नका, बोटाला टोचून शुगर बघा, मशीन नसेल तर शुगर कमी झाली असं धरूनच चाला. बीपीसाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवेलच असं नाही, घाम मात्र येतो, त्यामुळे घामाकडे लक्ष ठेवा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत शुगर, अजून कमी असेल तर परत तेवढंच. उपवास मोडला तर मोडला. त्यानंतर पोळी, भात, दूध असं काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, कारण गोळीचा असर संपलेला नसतो आणि तासा-दोन तासांनी शुगर परत घसरू शकते. वयस्कर माणूस असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ गाडी काढायची. आणि शुगरफ्री घातलेला चहा कृपा करून देऊ नका, लोक सवयीने तोच देतात!

एक बारीक गोष्ट जी फार कमी लोकांना माहिती असते. तुमच्या गोळीत तिसरं औषध व्होग्लिबोज असेल (तीन औषधांच्या गोळ्या आपल्याकडे भरपूर चालतात) तर घरातली साखर लवकर कामाला येत नाही, कारण साखर आतड्यात फुटण्याचा वेगच ते औषध कमी करतं. तिथे साधी ग्लुकोज पावडरच हवी. एक पुडी घरात ठेवा, फ्लेवरवाली नको.

आता किडनी. मेटफॉर्मिनने किडनी खराब होत नाही, दादा. किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं वाढलेली शुगर आणि बीपी. मेटफॉर्मिन शरीरातून जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी मंदावली की ते रक्तात साठायला लागतं आणि लॅक्टिक ॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं) नावाचा क्वचित होणारा पण भयंकर प्रकार होऊ शकतो. त्यामुळे डॉक्टर रिपोर्ट बघून डोस कमी करतात किंवा बंद करतात, आणि शेजारी बघतात ते एवढंच की गोळी खात होता आणि किडनी गेली. ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा रक्ततपासणीतून काढलेला आकडा) 30 च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन द्यायचं नाही, 30 ते 45 मध्ये नव्याने सुरू करत नाहीत आणि चालू असेल तर सहसा डोस उतरवतात. 2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी तिथली सरकारी संस्था) रक्तातल्या नुसत्या क्रिएटिनिनऐवजी (किडनी बाहेर टाकते तो कचरा) ईजीएफआर बघा असा बदल केला, कारण जुन्या नियमामुळे ज्यांना चालण्यासारखं होतं त्यांनाही ते मिळत नव्हतं. ही सगळी भीती मुळात फेनफॉर्मिन नावाच्या त्याच घराण्यातल्या औषधाची, ते अमेरिकेत 1970 च्या दशकात याच कारणाने बाजारातून काढलं. नाव मेटफॉर्मिनला चिकटलं ते चिकटलंच.

पण सारखे जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल, भारी ताप असेल, तर ते दोन-तीन दिवस मेटफॉर्मिन थांबवायचं का हे डॉक्टरांना फोन करून विचाराच. सीटी स्कॅनला डाय (फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) टोचणार असतील तर टोचण्याआधी सांगा की मी मेटफॉर्मिनवर आहे. दारूचं तर सांगायलाच नको, ती ग्लिमेपिराइडबरोबरही वाईट आणि याच्याबरोबरही.

मला खरं तर राग येतो तो याचा, की किडनीच्या नावाने लोक घाबरतात आणि बी12 या जीवनसत्त्वाचं नाव कोणी काढत नाही. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतलं की बी12 कमी होऊ शकतं, त्यात माणूस शाकाहारी असेल तर आणखीच. पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, सगळे म्हणतात शुगरमुळे नसा गेल्या, आणि टेस्ट कोणी करत नाही. आईंना मुंग्या येतात असं तुम्हीच लिहिलंय. पुढच्या वेळी ईजीएफआरबरोबर बी12 पण करून घ्या, डॉक्टरांना सांगून.

राहिला तुमचा शेवटचा आरोप, की गोळी शौचातून अख्खी बाहेर पडते म्हणजे माल डुप्लिकेट आहे. स्ट्रिपवर एसआर किंवा ईआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) लिहिलेलं असेल तर बरेचदा ते रिकामं कवच असतं, औषध आत हळूहळू विरघळून गेलेलं असतं, पांढरा मऊ सांगाडा तेवढा पडतो. शंका असेल तर शुगर तपासा, ती आटोक्यात असेल तर औषध पोचलंय. फक्त गोळी मोठी आहे, आईंना गिळवत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून देत असाल (तुम्ही लिहिलंय तसं) तर ते आजपासून थांबवा, एसआरची गोळी कुटली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं, पोट बिघडतं ते त्यानेच असेल. गिळवत नाही असं डॉक्टरांना सांगा, साधी 500 ची छोटी गोळी जेवणाबरोबर दोन वेळा विभागून देता येते का ते बघतील ते.