‘शब्दांचा परिणाम फक्त ७ टक्के’ हे खरं नाही

ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक दावा सतत फिरतो: संवादात शब्दांचा परिणाम ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. असा कुठलाही सर्वसाधारण नियम नाही.

आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे आहेत. १९६७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह दोन छोटे प्रयोग प्रसिद्ध केले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात ‘मेबी’ हा एकच शब्द तीन सुरांत ऐकवून सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती कितपत आवडते, एवढंच विचारलं. दोन्हींचे निष्कर्ष जोडून हे सूत्र झालं. त्यात पूर्ण वाक्य नाही, युक्तिवाद नाही, हातवारे तर नाहीतच. ५५ टक्के म्हणजे फक्त चेहरा. सूत्र भावना आणि आवडनिवड यांपुरतंच आहे, असं मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं आहे. शब्द एक आणि चेहरा दुसरंच सांगत असेल, तेव्हा लोक चेहऱ्यावर विसंबतात, इतकाच त्याचा अर्थ.

या दाव्याचा फटका बसतो तो कनिष्ठ कर्मचाऱ्याला. अप्रेझलला तो ताठ बसण्याचा सराव करून जातो, पण वर्षभरात काय पूर्ण केलं याचा तपशील नेत नाही. साहेब ‘बघू’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. मागणी एका वाक्यात मांडा. आधाराला दोन-तीन पूर्ण कामं तारखांसह ठेवा. ‘निर्णय कधी कळेल?’ हे विचारल्याशिवाय उठू नका, आणि जे ठरलं ते त्याच दिवशी चार ओळींच्या ईमेलने पाठवा.