छावणीला पैसे आहेत, वैरण पिकवायला नाहीत

वैरणीसाठी मृगात पेरायचं मक्याचं सरकारी बियाणं भाद्रपदात हातात ठेवतात आणि वर फोटोला उभं करतात! रान कधीच दुसऱ्या पिकाखाली गेलं, आता ही पिशवी पेरायची कुठं? विचारलं की उत्तर ठरलेलं, "वरूनच उशिरा आलं." दरवर्षी वरूनच उशिरा येतं?

दुधाच्या धंद्यात निम्म्याहून जास्त पैसा चारा-पेंडीत जातो. पण सरकारला फक्त दूध दिसतं. २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये अनुदान काढलं, पुढं ७ केलं. म्हशीवाल्यांनी काय घोडं मारलं होतं? आणि गायवाल्याला तरी सुखासुखी मिळालं का? कानात बिल्ला पाहिजे, त्याचा नंबर अ‍ॅपवर पाहिजे, आधार खात्याला जोडलेलं पाहिजे. आमच्या गायीनं खांबाला कान घासला, बिल्ला तुटून शेणात पडला. नवा मारला तर नंबर जुळेना. अनुदान अडकलं ते अडकलंच. अहो, गाय तीच, दूध तेच, रोजची पावती तीच!

इकडं ज्वारी कमी झाली, कडब्याच्या शंभर पेंढ्यांचा भाव विचारायची सोय राहिली नाही. मग घाला उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला. नुसत्या वाढ्यावर जनावर किती दिवस काढणार? त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकानं अंगातलं कॅल्शियम जातं, दूध आटतं, फॅट बसत नाही, एसएनएफचा (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन भागाचा) पॉइंट घसरला की डेअरी दर कापते. चारा नाही त्याचा दंडही आमच्याच बिलातून!

सगळ्यात जास्त संताप याचा येतो की २०१९ च्या दुष्काळात चारा छावणीत मोठ्या जनावराला रोज १०० रुपये आणि लहानाला ५० द्यायला सरकारकडं होते. माणसं जनावरांसकट घर सोडून छावणीत राहिली, तेव्हा तिजोरी उघडली. पाऊस बरा असतो त्या वर्षी वैरण साठवायला मात्र हात आखडता. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात मुरघासाला, म्हणजे हवाबंद साठवलेल्या हिरव्या चाऱ्याला, ५० टक्के अनुदान आहे म्हणे, ५० लाखांपर्यंत. म्हणजे कोटीचा प्रकल्प! चार गायींचा मालक कोटी कुठनं आणणार? त्याला मुरघासाच्या चार बॅगा आणि चारा बारीक कापायचं एक कुट्टी मशीन वेळेवर मिळालं तरी उन्हाळा निघतो. तेवढं द्या, आणि बिल्ल्यापायी अडवलेले पैसे आधी खात्यावर टाका.