गव्हर्नमेंटमधल्या 'मेंट'ला मन नाही

"लॅटिनमध्ये 'गुवेर्नारे' म्हणजे ताबा ठेवणे आणि 'मेन्ते' म्हणजे मन. म्हणजे गव्हर्नमेंटचा खरा अर्थ मनावर ताबा!" हा इंग्रजी फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय. परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर अवतरला आणि पाच मिनिटांत तीन अंगठे मिळवून बसला. सरकारवर राग असेल तर खुशाल असावा, त्यासाठी लॅटिनला कशाला वेठीला धरायचं?

पहिला अर्धा भाग आधी उरकतो. लॅटिन क्रियापद 'गुबेर्नारे', ते ग्रीकमधून आलेलं, आणि अर्थ जहाज हाकणे. 'गुबेर्नाकुलुम' म्हणजे चक्क सुकाणू. राज्य हाकण्याचा अर्थ या नावाड्यावरून आला. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरने १९४८ मध्ये यंत्रं आणि सजीवांमधल्या नियंत्रणाच्या शास्त्रासाठी 'सायबरनेटिक्स' हे नाव घेतलं तेही याच ग्रीक सुकाणूवाल्यावरून.

खरी गफलत 'मेंट'मध्ये आहे. 'गव्हर्नमेंट' इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमधला हा '-मेंट' लॅटिनच्या '-मेंतुम'चा वंशज. क्रियापदाला जोडला की क्रियेचं साधन, फळ किंवा ती क्रियाच सांगणारं नाम तयार होतं. 'फ्रांगेरे' म्हणजे मोडणे, 'फ्रागमेंतुम' म्हणजे तुकडा. 'काएदेरे' म्हणजे तोडणे, त्यावरून 'काएमेंतुम', फोडलेला दगड. आपलं सिमेंट तिथूनच आलं. मेंट म्हणजे मन असेल, तर स्लॅब टाकताना आपण नेमकं कोणाचं मन कालवतो?

या प्रत्ययाचे भाऊबंद आपल्या घरातच आहेत. लॅटिन '-मेन' आणि संस्कृत '-मन्' एकाच मूळचे: तिकडे 'नोमेन', इकडे 'नामन्'. त्याच '-मेन'ला शेपूट जोडून '-मेंतुम' झाला. वैयाकरण ज्याला 'मनिन्' म्हणतात तो हाच, 'कृ'पासून 'कर्मन्' करणारा. फॉरवर्डचा न्याय लावला तर कर्मन् म्हणजे 'कर' आणि 'मन', हातावर मनाचा ताबा! मनवाचक लॅटिन शब्द 'मेन्स' वेगळा, त्याचा संस्कृत सोयरा 'मति'.

मग 'मेन्ते' कुठून आला? तो खोटा नाही, फक्त दुसऱ्याच्या घरात शिरलाय. 'मेन्स'चं 'मेन्ते' हे रूप म्हणजे 'मनाने'. 'स्वच्छ मनाने' असं म्हणता म्हणता ते झिजलं आणि क्रियाविशेषणाचा प्रत्यय होऊन बसलं. पुरावा स्पॅनिशमध्ये अजून दिसतो. 'मेन्स' स्त्रीलिंगी, म्हणून त्याचं विशेषणही स्त्रीलिंगी: आजही 'क्लारामेन्ते' (स्पष्टपणे), 'क्लारोमेन्ते' नाही. दोन क्रियाविशेषणं लागोपाठ आली तर 'क्लारा इ लेन्तामेन्ते' (स्पष्टपणे आणि सावकाश): पहिल्याला प्रत्ययच नाही, कारण एकेकाळी तो सुटा शब्द होता. नाम करायचं तर स्पॅनिश '-मिएन्तो' किंवा '-मेन्तो' वापरतं, इटालियन '-मेन्तो'. फ्रेंचमध्ये मात्र दोन्ही प्रत्यय झिजून एकसारखे झाले, आणि गोंधळाला जागा मिळाली.

शिवाय सरकारला स्पॅनिशमध्ये 'गोबिएर्नो' म्हणतात, इटालियनमध्ये 'गोवेर्नो', जर्मनमध्ये 'रेगीरुंग'. मेंट कुठेच नाही. माद्रिदकरांची मनं तेवढी मोकळी सुटली म्हणायची.

याच फॉरवर्डची धाकटी आवृत्ती सांगते, पार्लमेंट म्हणजे 'मनातलं बोलणे'. 'पार्ले' म्हणजे बोलणे हे बरोबर, पण पुढचा मेंट तोच, नाम घडवणारा. पेमेंट, अपार्टमेंटमध्येही तोच. इंग्रजीने तर तो आपल्या अस्सल 'सेटल'लाही चिकटवला, आणि सेटलमेंट मराठीत तडजोडीपासून टेबलाखालच्या व्यवहारापर्यंत सगळीकडे चालते.

एका शब्दात मात्र मन खरोखर सापडतं: मॉन्युमेंट. 'मोनेरे' म्हणजे आठवण करून देणे, आणि त्याचा धातू 'मति'च्याच कुळातला. पण तिथेही मन आहे ते 'मॉन्यु'मध्ये, 'मेंट'मध्ये नव्हे.