स्ट्रॉबेरीच्या बॉक्सबद्दल ताईंच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई. सातारच्या दुकानातून शनिवारी नेलेली एक किलो स्ट्रॉबेरी तुम्ही धुऊन बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवलीत, सोमवारी खालच्या थराला बुरशी आली आणि बरीच फळं देठाशी पांढरी, आंबट निघाली, असं लिहिलंय.

पांढरी फळं ही सरळ आमची चूक. स्ट्रॉबेरी तोडल्यावर रंग थोडा चढतो, गोडी मात्र वाढत नाही. महाबळेश्वरजवळच्या भिलार गावचा माल उतरवतानाच ती निवडून काढायला हवी होती. बिल आणा, पूर्ण पैसे परत देतो. बॉक्स टाकून दिला असला तरी हरकत नाही.

बुरशीचं थोडं वेगळं आहे. ढगाळ हवा किंवा अवकाळी पाऊस झाला की तिचं बी शेतातूनच फळावर येतं, डोळ्यांना दिसत नाही. धुतल्यावर देठाच्या पानांखाली पाणी अडकतं, बंद डब्यात ते सुकत नाही, आणि ही राखाडी बुरशी फ्रिजच्या थंडीतही वाढते. एका फळाची शेजारच्याला लागते. हे बॉक्स देतानाच सांगायला हवं होतं.

घरी नेल्यावर फळं लगेच ताटात पसरा. दबलेली, रस सुटलेली त्याच दिवशी संपवा. बुरशी आलेलं फळ थेट टाका. बाकीची न धुता, देठासकट, पसरट डब्यात सुती कापडावर एकाच थरात ठेवा. झाकण जरा उघडं असू द्या. डबा फ्रिजच्या दारात नको, आत ठेवा. देठ आधी काढलात तर तिथून रस सुटतो, म्हणून खायच्या वेळी आधी धुवा, मग देठ काढा. अशी तीन-चार दिवस छान राहतात.

जास्त दिवस हवी असतील तर धुऊन, पार कोरडी करून, देठ काढून ताटात सुटी सुटी फ्रीझरला लावा. दगडासारखी झाली की पिशवीत भरा. सहा महिने शेकला चालतात. नुसती खायला नाही, वितळली की मऊ पडतात.

डाएटसाठी नेता म्हणालात. १०० ग्रॅमला जेमतेम ३२ कॅलरी आणि व्हिटॅमिन सी संत्र्याइतकं, तेव्हा वरून साखर नको.

पुढच्या वेळी काउंटरवरच बॉक्स उचलून तळ बघा. रसाचा डाग दिसला तर दुसरा मागा. देठाची पानं हिरवी, ताठ हवीत. फळ मोठं म्हणजे गोड, असं काही नसतं. वास घेऊन पाहा.