अशैक्षणिक कामाच्या शोधात

बावीस वर्षांत मी किती निवेदनांवर सह्या केल्या असतील याचा हिशोब नाही. विषय मात्र एकच असायचा : शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ मला रामरक्षेसारखं पाठ होतं. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून मास्तरला दुसऱ्या कशाला जुंपायचं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. हे कलम मी इतक्या त्वेषाने म्हणायचो की स्टाफरूममधला चहा निवायचा.

मग २०२३ च्या जूनमध्ये आमची शाळाच बंद पडली आणि मी निघालो अशैक्षणिक काम शोधायला. कुणी देईना.

शाळा खासगी, कायम विनाअनुदानित. सरकारने २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द काढून टाकला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. शब्द गेला, विनाअनुदान राहिलं. मुलं मात्र राहिली नाहीत. काही बापामागे विरार-नालासोपाऱ्याला गेली, काही सकाळी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जाऊ लागली. शेवटी पाचवी ते दहावी मिळून १९ उरली. संस्थेने आमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. नारळ आमच्याच शाळेच्या आवारातल्या माडाचा होता, मी ओळखला.

बायको म्हणाली, “आता हापिसातलं काहीतरी बघा. पंख्याखाली बसायचं.” पुतण्याने बायोडेटा करायला घेतला. ‘कौशल्ये’ या रकान्यापाशी तो थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. पाठ फळ्याकडे असताना मागे कोण बोलतंय ते ओळखणे, हे माझं खरं कौशल्य. त्याने ‘उत्तम संवाद’ असं लिहून टाकलं.

टायपिंग हवंच, असं सगळे म्हणाले. मराठी मिनिटाला तीस शब्द, इंग्रजी चाळीस. तालुक्याच्या गावी क्लास लावला. शिकवणारी मुलगी माझीच जुनी विद्यार्थिनी, आठवी ब मधली, शुद्धलेखनात कच्ची. पहिल्याच दिवशी अडलं ते वेलांटीपाशी. रेमिंग्टनच्या कळफलकावर पहिली वेलांटी आधी दाबायची आणि अक्षर मागाहून. आधी व्यंजन मग स्वर, हे मी बावीस वर्षं घसा फोडून शिकवलं होतं. ‘किती’ लिहायला बसलो की त्या वेलांटीचा आकडा पडद्यावर एकटाच लोंबकळायचा, गळाला मासा न लागल्यासारखा. मी तात्त्विक हरकत घेतली. ती म्हणाली, “सर, प्रश्न शेवटी विचारा. आधी सांगितलेलं करा.” हे वाक्य कुणाचं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तर पुढची अडचण अशी की आमच्या देवगडच्या बाजूला नोकरी देण्याच्या लायकीचा जो जो माणूस आहे, तो कधी ना कधी माझ्या वर्गात बसलेला आहे. पतसंस्थेत गेलो तर मॅनेजर खुर्ची सोडून उभा. मी बसेपर्यंत तो बसेना, तो बसेपर्यंत मी बसेना. शेवटी म्हणाला, “सर, तुमका मी फायली आणा म्हणान कसा सांगू?” चहा आणि कांदाभजी मात्र मिळाली. वकिलाकडे चहा आणि बिस्किट. मच्छिमार सोसायटीत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून ऑगस्टात या म्हणाले. ऑगस्टात गेलो तर चहा.

शेवटी पुढच्या मार्चमध्ये एका आंबा बागायतदाराने ठेवून घेतलं. हा पूर्वीचा शेवटचा बाक. सतराचा पाढा याला दहावीपर्यंत आला नाही, आणि आता याच्या तीनशे कलमांचा हापूस वाशीला जातो. आपण त्याला शेठ म्हणू. कामगार म्हणतात, मीही म्हणून बघितलं, पण शेठ इतका लाजला की परत म्हटलं नाही.

पॅकिंग शेडच्या कोपऱ्यात पत्र्याचं ऑफिस. टेबल, पंखा, कपाट, भिंतीवर लक्ष्मी. काम सोपं : चार डझनी किती, पाच डझनी किती, गाडीत किती पेट्या चढल्या ते लिहायचं, आणि दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, आली की हमाली, तोलाई, दलाली वजा जाता हातात काय पडलं ते मांडायचं. पण ‘पट्टी’ या शब्दानेच घात केला. पहिल्या आठवड्यात मी शेडमधूनच ओरडलो, “शेठ, पट्टी आलीय, इकडे ये!” आणि शेठने आंब्याचा करंडा खाली ठेवून दोन्ही हात पाठीमागे घेतले. छडीवर बंदी येण्याच्या बऱ्याच आधीची त्याची बॅच. माझी लाकडी पट्टी फूटभर होती, वर जाळीसारखी शाई सांडलेली. ती अजून माझ्याकडे आहे. रेघा मारायला.

माझंही चुकत होतं, नाही असं नाही. सकाळी हजेरी मी नावं पुकारून घ्यायचो. नेपाळचे गडी चौथ्या दिवसापासून मी शेडमध्ये शिरलो की उभे राहून एका सुरात “नमस्ते सर” म्हणू लागले. त्यात दोन मिनिटं जायची आणि आंबे हातातून घरंगळायचे. शेठला स्वतःच्या ऑफिसात तंबाखू मळता येईना. एकदा फोन आला म्हणून तो बाहेर निघाला, तर दारात थांबून करंगळी वर करून म्हणाला, “सर, जरा भायर जांव काय?” मी “जा, लवकर ये” म्हणालो. सवय. हळूहळू तो ऑफिसात यायचाच बंद झाला. धंद्याच्या सगळ्या गोष्टी पंपाच्या खोपीत व्हायच्या.

कळस झाला तो दलालाला पाठवायच्या चिठ्ठीने. शेठने लिहिलं होतं, ‘साट पेठ्या पाटवल्या आहेत.’ माझ्या खिशात लाल पेन होतं, ते का होतं हे विचारू नका. तीन गोल केले आणि समासात लिहिलं : सुवाच्य अक्षरात दहा वेळा लिहा. शेठ ते घेऊन आंब्याखाली बसला आणि खरंच दहा वेळा लिहीत राहिला. चिठ्ठीवाचून गाडी सुटेना. ती सुटली रात्री उशिरा, वाशीला पोचली तेव्हा सकाळचा बाजार उतरलेला. त्या पट्टीचा आकडा मी इथे लिहीत नाही.

मे सरता सरता टेबलावर एक घडी केलेला कागद दिसला. उजवीकडे तारीख, मध्ये विषय, अगदी शिकवल्याप्रमाणे. ‘माननीय सर, सा.न.वि.वि. हंगाम संपत आल्याने आपणास एक तारखेपासून कामावरून कमी करण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. आपला आज्ञाधारक विद्यार्थी.’ शुद्धलेखनाच्या दोनच चुका. मला भरून आलं. चुका दुरुस्त केल्या, खाली ‘परवानगी दिली’ लिहून सही केली आणि छत्री घेऊन घरी आलो. पगार त्याने दोन महिन्यांचा जास्त दिला होता.

ऑक्टोबरात बंद शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावाचं पाकीट आलं. विधानसभा निवडणूक, मतदान अधिकारी क्रमांक दोन, प्रशिक्षणाला हजर राहावे, अन्यथा लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३४. मी तहसीलमध्ये जाऊन सांगितलं, शाळा बंद आहे, मी आता शिक्षक नाही. क्लार्क यादीतून वर न बघता म्हणाला, “यादीत नाव आसा मां? मग तुमी शिक्षक आसात.” दीड वर्षात मला हे एवढ्या खात्रीने कुणीच सांगितलं नव्हतं. मी मुकाट्याने सही केली.

आपल्या मतदारसंघात ड्युटी देत नाहीत, म्हणून २० नोव्हेंबर २०२४ ला मी खाडीपलीकडे, मालवण तालुक्यातल्या एका शाळेत, पहिलीच्या वर्गात. शाईची बाटली, काडी, रजिस्टर, चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पंख्याखालचं टेबल, हापिसाचं काम. दुपारी रांगेत पांढरा सदरा घातलेला एक ओळखीचा माणूस दिसला. घर त्याचं पलीकडच्या काठाला, हे मी विसरलोच होतो. मला बघून शेठने तोंडातली तंबाखू गिळली.

टेबलापाशी आला तेव्हा मी काडी शाईत बुडवली आणि म्हटलं, “डावा हात पुढे कर.”

त्याने हात पुढे केला. तळवा वर, बोटं ताठ, डोळे घट्ट मिटलेले.

“उलटा कर,” मी म्हटलं.