मालकाचं उत्तर: मशीन धूळ खात पडलेलं नव्हतं

नमस्कार काका,

माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाला तुम्ही ऑनलाइन रिव्ह्यूत दिलेला एक तारा काल रात्री दुकान बंद करताना पाहिला. जेवण गेलं नाही. आधी माफी मागतो. चार दिवसांत मी स्वतःहून एकदाही फोन केला नाही, तुम्हालाच दोनदा करावा लागला. चूक माझी.

पण तुम्ही लिहिलंय की मंगळवारी संध्याकाळी आलात तेव्हा सीपीयू वायरी काढून कोपऱ्यात धूळ खात पडला होता आणि अर्ध्या तासाच्या कामाला चार दिवस लावून ९५० रुपये घेतले. ते "धूळ खात" फार लागलं. कारण मशीन मी मुद्दाम बंद ठेवलं होतं.

सोमवारी दुपारी एकला तुम्ही ते आणलं. पावतीवर तक्रार लिहिली, 'चालू होत नाही'. तुमच्यासमोर बटण दाबलं आणि पहिल्याच वेळी विंडोज आलं, आठवतं ना? तुम्ही गेल्यावर रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, काढून खोडरबराने पुसल्या, बॅटरी मोजली, मशीन संध्याकाळपर्यंत चालवलं. एकदाही अडलं नाही. सात वाजता तुम्ही फोनवर सहज म्हणालात, "अरे, ते फक्त सकाळीच त्रास देते." काका, ही गोष्ट दुपारीच कळली असती तर सोमवार वाया गेला नसता. मीही विचारायला हवं होतं, मान्य.

फक्त सकाळी, म्हणजे मशीन रात्रभर गार पडल्यावरच. डिसेंबरातली आपल्या नागपूरची पहाट तुम्हाला माहीत आहे. जुन्या मदरबोर्डवर कपॅसिटर असतात, वीज साठवून सुरळीत देणारे छोटे डबे. त्यांच्यातलं द्रव वर्षानुवर्षं सुकत जातं. थंडीत ते आणखी कमजोर पडतात, चालू होतानाचा भार त्यांना पेलत नाही. तीन-चारदा बटण दाबून मशीन तापलं की तेच कपॅसिटर दिवसभर काम देतात आणि बिघाड लपतो. म्हणून मला दिवसातून एकच खरी संधी होती, सकाळी दुकान उघडल्यावरची पहिली.

मंगळवारी सकाळी पंखा फिरला, स्क्रीन काळी, बीप नाही. चौथ्यांदा चालू झालं. एसएमपीएसची, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या डब्याची, १२ व्होल्टची लाइन ११.८ होती, हद्दीतच. तरी खात्रीसाठी माझा एसएमपीएस जोडला आणि पुन्हा गार व्हायला रात्रभर ठेवलं. तुम्ही पाहिलंत ते हे. बुधवारी सकाळी तेच झालं, म्हणजे तुमच्या एसएमपीएसचा दोष नाही. मग बोर्ड बाहेर काढला. प्रोसेसरजवळचे तीन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग. तिन्ही बदलले, १०५ डिग्रीवाले टाकले. गुरुवारी सकाळी पहिल्याच बटणाला चालू झालं, तेव्हाच तुम्हाला निरोप दिला.

बुधवारी संध्याकाळीच देऊन टाकलं असतं तर तुम्ही खूश झाला असता, पण मला झोप लागली नसती. त्यात तुमचा बारा वर्षांचा टॅलीचा हिशोब आहे.

तुमचा भाचा म्हणतो रॅम पुसली असती तर झालं असतं. सोमवारी पहिलं तेच केलं होतं. मंगळवारीच नवा एसएमपीएस तुमच्या गळ्यात मारता आला असता, बिल दुप्पट झालं असतं. तुमचा जुनाच परत बसवून दिला. ९५० मध्ये कपॅसिटर थोड्या पैशांचे, बाकी बोर्ड उतरवून सोल्डरचे टाके काढण्या-लावण्याची मजुरी. हे तेव्हाच नीट सांगायला हवं होतं, पण काउंटरवर तुम्ही चार लोकांसमोर "लुटारू" म्हणालात आणि मी गप्प बसलो.

जुनी मशीन दुरुस्त करणारी दुकानं आता थोडीच उरलीत. माझं घर यावरच चालतं, आणि नवीन माणूस आधी तारेच बघतो.

यापुढे मशीन दुकानात राहिलं की रोज, निदान दिवसाआड, मेसेज टाकायचं ठरवतोय. पावतीवर बिघाड कधी होतो याचीही एक ओळ घालू. तुमचे तिन्ही जुने कपॅसिटर पुडीत बांधून ठेवलेत. अकरानंतर कधीही या, भाच्यालाही आणा, बोर्डवर कुठे होते ते दाखवतो. आणि मशीन आता सकाळी कसं चालू होतं, तेवढं कळवा.